राजाला कारभार कोण शिकवत असे, आणि रयतेला?

विचारणाऱ्यांची अडचण अशी आहे. नव्याने निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांचं प्रशिक्षण आहे आणि त्यात एक तास इतिहासाला दिला आहे. युरोपात सोळाव्या शतकात इरॅस्मसने पुढे सम्राट झालेल्या चार्ल्ससाठी राजधर्मावर पुस्तक लिहिलं, मॅकियाव्हेलीही त्याच काळातला. मग सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठी राज्यात राज्य करणाऱ्याला कारभार शिकवायची काही रीत होती का? आणि साध्या रयतेच्या वाट्याला त्यातलं काही येत होतं का?

मोडी कागद वाचण्यात आणि ते वाचायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून कागदांच्या बाजूने उत्तर देतो. रीत होती. तिच्यासाठी वेगळी शाळा नव्हती. उपदेशाचे ग्रंथ होते, पण खरं शिक्षण तीन ठिकाणी व्हायचं: वरून आलेल्या सकारण हुकमात, दप्तराच्या फडात, म्हणजे कचेरीत, आणि गावच्या बैठकीत. शिकणाऱ्याच्या हातात खरा निर्णय आणि खरा हिशेब पडला, तिथे हे शिक्षण मुरलं. नुसता उपदेश झाला, तिथे ते कागदावर राहिलं. माझ्या मते त्या दोन शतकांच्या बऱ्याच घडामोडींचा उलगडा एवढ्यावरून होतो.

ग्रंथांचं आधी सांगतो, कारण प्रशिक्षणात लोक पहिल्यांदा तेच विचारतात. संभाजी महाराजांच्या नावावरचा संस्कृत ‘बुधभूषण’ आहे, त्यात राजनीतीवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातला बराच भाग जुन्या नीतिग्रंथांतून निवडून घेतलेला असल्याने त्यात तो काळ फार दिसत नाही. मात्र राजपुत्र तरुणपणी काय वाचत होता, हे त्यावरून कळतं. समर्थ रामदासांचं संभाजी महाराजांना लिहिलेलं ओवीबद्ध पत्र सगळ्यांना पाठ आहे. ‘अखंड सावधान असावें, दुश्चित कदापि नसावें’ हे त्यातलंच. बापाच्या माघारी गादीवर आलेल्या तरुणाला मागच्या लोकांचे अपराध क्षमा करून त्यांना कामाला लाव, असं त्यात बजावलेलं आहे. सल्ला फार नेमका आहे, कारण त्या वेळी दरबारात फूट पडलेली होती.

पण एकच ग्रंथ घ्यायचा असेल तर रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ घ्या. १७१५च्या सुमाराचं. रामचंद्रपंतांनी शिवाजी महाराजांच्या हाताखाली कामाला सुरुवात केली, संभाजी महाराजांचा काळ पाहिला, राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचा सगळा मुलूख ‘हुकमतपन्हा’, म्हणजे राजाच्या वतीने पूर्ण अधिकार चालवणारा, म्हणून सांभाळला आणि पुढे ताराबाईंच्या कारकिर्दीतही काम केलं. १७१४ साली पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि त्यांच्या सवतीचा, राजसबाईंचा, मुलगा संभाजी गादीवर आला. त्याचं वय सोळा-सतरा. या मुलासमोर म्हाताऱ्या अमात्याने उभ्या आयुष्याचा अनुभव मांडला.

ग्रंथाचं रूप पाहण्यासारखं आहे. मजकूर राजाच्या तोंडी आहे. राजा शंभुछत्रपतींनी, म्हणजे या दुसऱ्या संभाजींनी, भगवंतराव अमात्यांना आज्ञा केली, अशी त्याची मांडणी. भगवंतराव हे रामचंद्रपंतांचे चिरंजीव. म्हणजे शिकवणारा अमात्य, शिकणारा राजा, आणि शिकवण मात्र राजाचाच हुकूम म्हणून निघालेली. मला यात मोठं शहाणपण दिसतं. उपदेश म्हणून दिलं असतं तर राजाने ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. हुकूम म्हणून निघाल्यावर ते त्याच्याच शब्दाशी बांधलं गेलं.

आत काय आहे? साहुकारांना जपावं, कारण राज्य त्यांच्यामुळे आबाद होतं. टोपीकरांना, म्हणजे इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) वगैरेंना, इतर व्यापाऱ्यांसारखं समजू नये, कारण त्या प्रत्येकाच्या मागे एकेक राजा उभा आहे. त्यांना समुद्रकाठी किंवा किल्ल्याजवळ जागा देऊ नये. हे १७१५ साली लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा. वतनदारांविषयी, म्हणजे पिढीजात हक्क असलेल्या देशमुख-पाटलांसारख्यांविषयी, ते म्हणतात की हे म्हणायला वतनदार, पण खरं पाहता ‘स्वल्पच परंतु स्वतंत्र देशनायकच’, लहान पण स्वतंत्र राजेच, आहेत. राजाने त्यांना पुरतं मोडूही नये आणि मोकळंही सोडू नये, स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये ठेवावं. लिहिणारे स्वतः मोठे जहागीरदार होते, बावडा त्यांच्याकडे होता. स्वतःच्याच वर्गाविषयी इतकं स्पष्ट लिहायला धैर्य लागतं, आणि राजाला वतनदाराची नस दाखवायला वतनदाराहून चांगला शिक्षक तरी कुठून मिळणार?

ग्रामपंचायतीच्या लोकांना वाचून दाखवण्याजोगा उतारा आरमाराच्या प्रकरणात आहे. जहाजांना लाकूड लागतं. सागवान वगैरे राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावं, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं असतं, पण त्याला हात लावू देऊ नये. का? ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती ‘लेकरांसारखी बहुत काळ जतन करून वाढविली’ असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहील का? एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. बळजबरी करू नये. यात प्रत्येक ‘करू नये’च्या पुढे कारण दिलेलं आहे. मनाई ऐकणारा अधिकारी ती मोडायला पळवाट शोधतो, कारण कळलेला अधिकारी नवा प्रसंग आला तरी काय करायचं ते ओळखतो.

कारण सांगून हुकूम देण्याची ही सवय रामचंद्रपंतांना कुठे लागली, हे शिवाजी महाराजांची पत्रं वाचली की कळतं. ५ सप्टेंबर १६७६चं, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं पत्र मी नव्या विद्यार्थ्यांना हटकून वाचायला देतो. त्यात सुभेदाराला अक्षरशः कामाचा क्रम घालून दिला आहे. गावोगाव फिर. ज्या गावी जाशील तिथले कुणबी गोळा कर. ज्याच्याकडे कष्टाला माणूस आहे पण बैल, नांगर, पोटाला दाणे नाहीत, आणि त्यावाचून जो अडून बसला आहे, त्याला दोन-चार बैलांचे रोख पैसे दे, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे दे. त्याच्याने होईल तेवढं शेत त्याच्याकडून करव. मग वसुली कर, पण ‘वाढी दिढी न करिता’, म्हणजे व्याज न लावता, नुसतं मुद्दल, हळूहळू, त्याच्या ऐपतीप्रमाणे. या कामापायी दोन लाख लारींपर्यंत (लारी हे त्या काळचं नाणं) खर्च झाला तरी चालेल.

या पत्राचा सूर खजिन्याची काळजी करणाऱ्या माणसाचाच आहे, हेही सांगायला हवं. पडीक जमीन लागवडीला आली तर उत्पन्न वाढेल, हा हिशेब त्यात उघड आहे. रयतेचं भलं आणि राज्याचं उत्पन्न या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे सुभेदाराला पैशांच्या भाषेत समजावलं आहे. आणि त्याला त्याची शपथही आठवून दिली आहे: चोरी करायची नाही, इमानेइतबारे वागायचं, रयतेच्या भाजीच्या देठालाही मन जाऊ द्यायचं नाही. कामावर रुजू होताना घेतलेल्या शपथेची आठवण प्रत्यक्ष कामाच्या पत्रात करून देणं, ही प्रशिक्षणाची फार चांगली पद्धत आहे. आजही वापरावी अशी.

चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र याच जातीचं, राज्याभिषेकाच्या आसपासचं. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आताच उधळलं तर पुढे मिळणार नाही. मग तुम्ही कुणब्याचे दाणे आणाल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, इथपर्यंत बारकावा. घोडदळाच्या अंमलदाराला एका चुकीतून दुसरी कशी निघते आणि शेवटी मुलूख कसा ओस पडतो, ही सगळी साखळी त्यात दाखवलेली आहे.

आता दप्तराकडे येतो. माझ्या दृष्टीने खरी पाठशाळा हीच. मुलगा पंतोजीकडे धुळपाटीवर अक्षरं गिरवायचा, पाढे आणि त्यांच्यापुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकायचा. रुपये-आणे-पै आणि खंडी-मण-शेर यांचा हिशेब तोंडी करायचा तर त्याला पर्याय नव्हता. दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं कसं काढावं, शाई आणि कागद कसे असावेत, लेखण्या कशा बाळगाव्यात, इतक्या तपशिलात. त्याची सुरुवात मात्र ‘ब्राह्मणें बाळबोध अक्षर’ अशी आहे. लिहिणं कोणाच्या हाती होतं, हे त्या पहिल्याच ओळीत उघड होतं. ब्राह्मण, प्रभू, काही व्यापारी घराणी, एवढ्यांच्या मुलांना हा रस्ता खुला होता. बाकीच्यांना नव्हता.

अक्षर बसलं की मुलगा नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने फडात उमेदवारी करायचा. आधी नकला करायच्या. नक्कल करता करता मायना कसा, कुणाला ‘राजश्री’, कुणाला ‘तीर्थस्वरूप’, कुणाला नुसतं नाव, हे हाताला कळायचं. मग खर्डा लिहायचा, वरिष्ठाने त्यावर दुरुस्ती करायची. मग हिशेब: गावचा झाडा म्हणजे तपशीलवार हिशेब, परगण्याचा बेहडा, वर्षाचा ताळेबंद. बेहडा म्हणजे पुढच्या वर्षाचा अंदाज आणि ताळेबंद म्हणजे प्रत्यक्षात काय झालं ते. दोन्ही शेजारी ठेवून फरक काढता आला की तो कारकून जाणता झाला. पेशव्यांच्या हुजूर, म्हणजे मध्यवर्ती, दप्तरात अंदाज, वसुली आणि खर्च असे एकमेकांसमोर ठेवूनच तपासले जात, आणि नाना फडणीसांनी ही पद्धत फार काटेकोर केली.

याच व्यवस्थेत अधिकाऱ्याला आवर घालण्याची सोयही होती. मामलेदाराच्या हाताखाली मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरकदार असत. ते त्याच्या मर्जीने नेमलेले नसत आणि त्याला त्यांना काढताही येत नसे. पैसा पोतनीसाकडे, नोंद फडणीसाकडे, तपासणी मुजुमदाराकडे. एका कागदावर इतके हात फिरल्याशिवाय तो पुरा होत नसे. नवा मामलेदार पहिल्याच वर्षी शिकायचा की आपल्याला एकट्याला काही करता येत नाही. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने, बोली लावून दिल्या जाऊ लागल्या. बोली भरून काढायची घाई असलेल्या माणसाला दरकदाराचा हात नकोसा होतो. शिकवणारी चौकट अशी आतून मोडली.

मोठ्या घरांतली मुलंही याच रस्त्याने गेली, आणि जी गेली ती तयार झाली. सदाशिवरावभाऊंना हिशेबाचं आणि कारभाराचं वळण रामचंद्रबाबा शेणवींनी लावलं. माधवरावांचं उदाहरण अधिक बोलकं आहे. पानिपतानंतर काही महिन्यांत नानासाहेब गेले आणि १७६१ साली सोळाव्या वर्षी माधवराव पेशवे झाले. कारभार काका रघुनाथरावांच्या हाती. तो आपल्याला पाहायचा आहे असा आग्रह माधवरावांनी धरला. पुढच्याच वर्षी घरातल्या घरात युद्ध झालं. आळेगावला शरण जावं लागलं आणि काही काळ ते काकांच्या पहाऱ्यातच होते. १७६३च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजामाविरुद्धची लढाई जिंकली आणि मग मुलाचा शब्द चालू लागला. दोन वर्षांत त्यांनी पराभव, कैद, कर्ज, फितुरी आणि विजय हे सगळं पाहिलं. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगितली जाते ती याच पेशव्याची: जपजाप्यात वेळ घालवायचा असेल तर गादी सोडून काशीला चला, राज्य करायचं असेल तर रयतेचं काम हाच तुमचा जप. गोष्ट बखरींच्या वळणाची आहे, शब्दशः घेऊ नये. पण न्यायाधीशाने पेशव्याला तोंडावर सुनवावं आणि पेशव्याने ते मानावं, हे त्या काळच्या लोकांना खरं वाटत होतं, म्हणूनच ती टिकली.

अहिल्याबाईंचं शिक्षण पत्रांतून दिसतं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले. त्यानंतर मल्हारराव होळकर सुनेवर एकेक काम सोपवत गेले. १७६५च्या एका पत्रात ते तिला लिहितात: चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठ्या तोफा तिथे ठेव, दारूगोळ्याची जमेल तितकी तरतूद कर, आणि वाटेत रस्त्याच्या बंदोबस्तासाठी चौक्या बसव. पत्रात काम आहे, क्रम आहे, मुक्कामाचे दिवस आहेत, आणि ती ते करील याबद्दल शंका कुठेच नाही. पुढच्या वर्षी मल्हारराव वारले, त्यानंतर वर्षभरात तिचा मुलगा मालेरावही गेला. १७६७ पासून १७९५ पर्यंत तिने महेश्वराहून राज्य चालवलं. देवळं आणि घाट सगळ्यांना माहीत आहेत. प्रशिक्षणात दारूगोळ्याचं पत्र सांगा, कारण पुढच्या अठ्ठावीस वर्षांची तयारी त्या पत्रात दिसते. सदस्यांमध्ये निम्म्या बाया असतील, त्यांना हे विशेष सांगा.

उलट बाजू सवाई माधवरावांची. जन्म १७७४, पुरंदरावर. बाप आधीच मारला गेलेला, आई तीन वर्षांत गेली. सांभाळ नाना फडणीसांचा. गंगापूरला राहणाऱ्या आजीने, गोपिकाबाईंनी, नातवासाठी दिवसभर कसं वागावं याचा उपदेश लिहून पाठवला, तो उपलब्ध आहे. त्याच्या शिक्षणाला कमी काही नव्हतं: शिक्षक, ग्रंथ, घोडा, दरबार. हातात निर्णय मात्र नव्हता. नाना राज्यातले सर्वांत जाणते कारभारी होते, आणि त्यामुळेच मुलाला चूक करायला जागा राहिली नाही. एकविसाव्या वर्षी, १७९५ साली, शनिवारवाड्यात वरून पडून त्याचा मृत्यू झाला. नानांबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. दप्तर त्यांनी शिस्तीला आणलं, बारभाईंच्या काळातल्या संकटातून राज्य त्यांनी वाचवलं. पण आपल्यामागे चालेल असा धनी त्यांनी तयार केला नाही, आणि ही त्यांच्या कारभारातली सर्वांत महागात पडलेली उणीव आहे असं मला वाटतं. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या बाजीरावाचं तर लहानपणच नजरकैदेत गेलं. शास्त्रपुराण शिकलेला, पण राज्याचा एकही हिशेब हाताखालून न गेलेला माणूस १७९६ साली पेशवा झाला. १८०२च्या अखेरीस वसईचा तह झाला.

मराठी राजघराण्यांतली आणखी दोन उदाहरणं थोडक्यात. तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ साली दत्तक घेतलेले सर्फोजी लहान असतानाच राज्य तुळजाराजांचे भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेलं आणि मुलाला शिक्षणाविना कोंडून ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी पालक म्हणून खटपट केली आणि १७९३ साली त्याला मद्रासला नेण्यात आलं. तिथे तो इंग्रजी, गणित, शास्त्रं शिकला. असा तयार राजा १७९८ साली गादीवर आला आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने कारभार काढून घेतला. त्याच्याकडे तंजावरचा किल्ला आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा उरला. शिकलेलं सगळं त्याने सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहात, नवविद्येच्या मोफत शाळांत, छापखान्यात आणि दवाखान्यात ओतलं. मराठी वाचकाने तंजावरला जावं ते त्यासाठीच.

साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज पेशव्यांच्या पहाऱ्यात वाढले. फेब्रुवारी १८१८मध्ये आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले. कॅप्टन जेम्स ग्रँट यांनी त्यांना टप्प्याटप्प्याने कारभारात घातलं. आधी शेजारी बसून कागद पाहायचे, मग एकेक खातं सोपवायचं. ५ एप्रिल १८२२ रोजी पूर्ण अधिकार दिले. राजपुत्राच्या प्रशिक्षणाला आखून दिलेली मुदत होती, असं आपल्या इतिहासातलं हे विरळा उदाहरण. ते यशस्वीही झालं. महाराज स्वतः कागद पाहत, रोजनिशी ठेवत. त्यांनी शाळा काढली, रस्ते केले. इतके तयार झाले की तहातल्या आपल्या हक्कांवर ठाम राहिले, आणि १८३९ साली इंग्रजांनीच त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं.

आता रयत. माझ्या मते तुमच्या तासाचा गाभा इथे आहे. ‘नागरिक’ या आजच्या अर्थाने त्या काळी कुणी नव्हतं. पण गावात तंटा झाला की गोत बसायचं. पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे, महाजन, बलुतेदार. सरकारी अंमलदारही बसले की ती मजालस. निवाड्याचा जो महजर लिहिला जाई, त्याच्या माथ्यावर ‘हाजीर मजालसी’ म्हणून बसलेल्यांची नावं येतात, ओळीने, गाव आणि हुद्द्यासकट. महजर उलगडला की आधी ती यादी वाचायची. मोठ्या तंट्यात ती हातभर लांब असते.

पद्धत ठरलेली. एक अग्रवादी, म्हणजे फिर्यादी, दुसरा पश्चिमवादी, म्हणजे प्रतिवादी. दोघांनी आधी राजीनामा लिहून द्यायचा, म्हणजे होईल तो निवाडा आपण मान्य करू असं लेखी कबूल करायचं, आणि जामीन द्यायचे. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे म्हणणं, लिहून घ्यायची. पुरसीस, म्हणजे उलटतपासणी, करायची. कागद असतील तर पाहायचे, नसतील तर शेजारच्या गावच्या जाणत्यांची साक्ष. आपल्या गावचं गोत बाजू घेईल अशी शंका असेल तर तंटा परक्या स्थळी नेता यायचा. निवाडा झाला की जिंकणाऱ्याने हरकी, म्हणजे आनंदाची रक्कम, सरकारात द्यायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. शेवटी महजरावर निशाण्या: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, बाकीच्यांच्या आपापल्या कामाच्या खुणा. अक्षरओळख नसलेला माणूस राज्याच्या कागदावर स्वतःच्या खुणेने उभा राहतो.

तिथे बसलेल्या तरुण पोरांना काय मिळत होतं याचा विचार करा. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बोलायचं नाही, तोंडी शब्द कागदावर आला की बदलता येत नाही, पुराव्याला वजन कसं द्यायचं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. पुढे आपली पाळी आली की ते तसं वागत.

पण याला गोड रंग देऊ नका. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष सर्वांत मोलाची, कारण गावाची हद्द त्याला माहीत असायची. शपथ घेऊन शीव चालून दाखवण्याचं कामही पुष्कळदा त्याच्यावर यायचं. खोटं ठरल्यास शिक्षा त्याच्या माथी, आणि तरी बैठकीत त्याची जागा लांब. वतनदार बाईचं नाव कधी कधी कागदात येतं, बाकी बायांचं येत नाही. पुरावा पुरला नाही की दिव्य, म्हणजे देवावर हवाला ठेवून परीक्षा, करायला लावत, तापल्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, काढायला लावत. बलवान वतनदार गोताला दाबून निवाडा फिरवत, आणि मग तोच तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालू राही. एकाच पाटिलकीचे अनेक महजर सापडतात ते त्यामुळे.

शिकवणं खालून वरही चालायचं. जुलूम वाढला की कुणबी गाव सोडून परागंदा होत. शेत पडलं की वसूल पडला. मग सरकारला कौलनामा पाठवावा लागे: परत या, पहिल्या वर्षी इतकाच सारा, मग इस्ताव्याने दरसाल थोडा वाढेल, जास्तीचा उपसर्ग लागणार नाही. कौल मिळाल्याखेरीज लोक पाऊल उचलत नसत. आपल्या बाजूला काय ताकद आहे हे त्या अक्षरशून्य माणसांना पक्कं ठाऊक होतं, आणि चिपळूणच्या पत्रातली ‘कुणबी निघून जातील’ ही भीती तिथूनच आलेली आहे.

१८१८नंतर, पेशवाई बुडाल्यावर, इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पंचायती टिकवायचा प्रयत्न केला, त्याच्या अहवालात त्यांची बाजूही मांडली. पण १८२७च्या कायद्यांनी अदालती उभ्या राहिल्या, वकील आले, आणि बैठकीत बसून शिकायची गावची सवय हळूहळू गेली.

तुमच्या तासासाठी माझी सूचना. भाषण पंधरा मिनिटांत आटपा. १६७६चं पत्र मोठ्याने वाचा, आजच्या मराठीत, आणि विचारा की आपल्या गावात अडून बसलेला कुणबी आज कोण आहे आणि त्याला बैलाऐवजी काय लागेल. मग आंब्या-फणसाचा उतारा वाचा. उरलेल्या वेळात गावातला एखादा खरा, छोटा तंटा घ्या, पाणंदीचा किंवा पाण्याच्या पाळीचा. दोघांना अग्रवादी-पश्चिमवादी करा आणि दोघांकडून राजीनामा लिहून घ्या. बाकीच्यांना हाजीर मजालसी बसवा. ज्या सदस्याला एरवी कुणी बोलू देत नाही, पुरसीस त्याच्याकडून करवा. शेवटी ग्रामसेवकाला निवाडा लिहायला सांगा, प्रत्येक कलमापुढे कारण घालून, आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.